टोन बदलून धाटणी बदलत नाही : वाद्यसंगीताची रचना आणि संयोजन

चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांनी एक प्रश्न विचारला आहे. ते हार्मोनियमवर विशारदपर्यंत शिकले आहेत, घरी कीबोर्ड आणि संगणक आहे, आणि त्यावर ते स्वतःच्या धुना रचतात. कधी अहिराणी लोकगीताच्या वळणाच्या, कधी रागावर आधारलेल्या, कधी पाश्चात्त्य तंतुवाद्यांच्या, तर कधी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारख्या. मात्र रचना पूर्ण झाल्यावर त्या सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या वाटतात, अशी त्यांची खंत आहे. येत्या स्नेहसंमेलनात त्यांना वाद्यवृंदाचा छोटा कार्यक्रम बसवायचा आहे आणि त्यासाठी हाताशी सात वादक आहेत : बासरी, व्हायोलिन, गावातल्या बँडमधील क्लॅरिनेट आणि युफोनियम (खालच्या सुरांचे मोठे पितळी फुंकवाद्य), हार्मोनियम, कीबोर्ड, शिवाय ढोलकी व संबळ दोन्ही वाजवणारा एक तालवादक. वेगवेगळ्या धाटणीचे संगीत रचावे कसे आणि ते वादकांमध्ये वाटून द्यावे कसे, असे त्यांनी विचारले आहे. बँड, शालेय वाद्यवृंद आणि नाटकांचे पार्श्वसंगीत यांसाठी संयोजन करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

तुमच्या रचना सारख्या वाटतात याचे कारण कल्पनेत शोधू नका, कामाच्या पद्धतीत शोधा. कीबोर्डसमोर बसून धून सुचली की उजवा हात मध्य सप्तकात धून वाजवतो, डावा हात कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार स्वर) धरतो आणि वाद्यातली तयार स्टाइल ठेका देते. मग त्याच धुनीला सनईचा टोन दिला की लोकसंगीत झाले, सतारीचा दिला की रागसंगीत झाले आणि स्ट्रिंग्जचा दिला की पाश्चात्त्य झाले, असे आपण मानून चालतो. प्रत्यक्षात तिन्ही वेळा तोच उजवा हात, तोच डावा हात आणि चार-चार बारचे तेच तुकडे असतात. याची परीक्षा सोपी आहे. रचना पूर्ण झाली की सगळे टोन काढून टाका आणि ती एकट्या हार्मोनियमवर, ठेक्याशिवाय वाजवून कोणाला तरी ऐकवा. ती कोणत्या वळणाची आहे हे त्याला तरीही ओळखू आले, तर धाटणी रचनेत उतरली आहे. ओळखू आले नाही, तर ती फक्त टोनमध्ये होती.

माझ्या मते धाटणी मुख्यतः तीन निर्णयांनी ठरते. तालाचे वजन कुठे पडते, धून कोणत्या स्वरावर विसावते, आणि धून थांबलेली असताना ती रिकामी जागा कोण भरतो किंवा कोणीच भरत नाही. वाद्याचा आवाज या तिन्हींच्या नंतर येतो. नवशिका संयोजक आवाजापासून सुरुवात करतो, म्हणून पहिले तीन निर्णय त्याच्या नकळत, सवयीनेच घेतले जातात.

तालापासून सुरू करू. आपल्याकडच्या बायका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर जी गाणी म्हणतात, त्यांतल्या सहा मात्रांच्या चाली आपण चटकन दादऱ्यात टाकतो. पण तबल्यावरच्या दादऱ्याचे वजन आणि झोक्याचे वजन एक नसते. झोका मागे येताना ओळ किंचित ओढली जाते, शेवटचा स्वर पुरा धरला जात नाही, आणि दुसऱ्या बाजूच्या बायका ओळ उचलतात तेव्हा पहिल्या बाजूच्या एखाद्या आवाजाचे शेपूट अजून रेंगाळत असते. हे सगळे तुम्ही मेट्रोनोम लावून वाजवले आणि संगणकावर प्रत्येक स्वर ग्रिडला, म्हणजे मात्रांच्या आखीव रेघांना, चिकटवला, की सहा मात्रा उरतात आणि झोका जातो. दुसरे उदाहरण आठ मात्रांचे घ्या. मुक्ताईनगरहून आषाढीसाठी पंढरपूरला निघणाऱ्या पालखीत पखवाज आणि टाळ यांचा ठेका चालणाऱ्यांच्या पावलांशी बांधलेला असतो. तो दमाने, मैलोन्‌मैल टिकेल अशा बेताने चालतो. लग्नाच्या बँडमध्ये त्याच आठ मात्रा येतात तेव्हा मोठा ढोल पहिल्या मात्रेवर जाड घाव घालतो आणि साइड ड्रम मधल्या सगळ्या जागा दाट भरून टाकतो. मात्रा मोजल्या तर फरक नाही, वजन पाहिले तर दोन वेगळी जगे आहेत. म्हणून माझा आग्रह असतो की धून लिहिण्याआधी तालवाद्याची दोन आवर्तने लिहावीत, त्यांचे बोल तोंडाने म्हणावेत, आणि अंगात वजन बसल्यावरच पहिला स्वर लावावा. तयार स्टाइलचे बटण दाबणे या टप्प्यावर पूर्ण बंद ठेवा.

धून कुठे विसावते, हा दुसरा प्रश्न रागावर आधारलेल्या रचनेत सर्वांत अवघड होतो, कारण तिथे कॉर्ड आणि राग यांची गाठ पडते. याचे एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. भूप रागाचे पाच स्वर घ्या : सा, रे, ग, प, ध. केवळ या पाच स्वरांतून तीन स्वरांचे नेहमीचे कॉर्ड किती होतात, हे हार्मोनियमवर करून पाहा. दोनच होतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. पहिल्या कॉर्डचा पाया षड्जच, म्हणजे साच, असल्यामुळे भूपाच्या धुनीखाली तो धरला तर षड्ज आणखी पक्का होतो. आता भूपाचा गंधार षड्ज मानून तेच पाच स्वर वाजवा. मूर्च्छनेने, म्हणजे असा षड्ज बदलून, मालकंस तयार होतो : सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. स्वर तेच, त्यामुळे कॉर्डही तेच दोन. फक्त नव्या षड्जावरून पाहिले तर एक म-कोमल ध-सा असा आणि दुसरा कोमल ध-सा-कोमल ग असा वाचला जातो. या दोन्हींपैकी एकाचाही पाया षड्ज नाही. परिणाम असा होतो की मालकंसाच्या धुनीखाली तुम्ही सरळपणे कॉर्ड धरू लागलात की ऐकणाऱ्याचा कान कोमल धैवताला किंवा मध्यमाला घर मानू लागतो आणि खरा षड्ज परका होतो. पंचम घालून सा-कोमल ग-प असा कॉर्ड धरला तर षड्ज परत येतो, पण मालकंसात पंचम वर्ज्य आहे, त्यामुळे राग जातो. हार्मनीचे नियम पाठ असलेल्या पुष्कळ कीबोर्डवादकांचे मालकंस म्हणूनच मालकंस वाटत नाहीत.

यावर उपाय आहेत आणि ते नवीन नाहीत. षड्ज-मध्यमाचा अखंड सूर खाली ठेवा आणि कॉर्ड टाळा. धून दोन वाद्यांत सप्तकाच्या अंतराने वाजवा. एका वाद्याने स्वर धरला असताना दुसऱ्याला रागातल्याच स्वरांची लहान फिरत द्या. थोडक्यात, उभ्या रचलेल्या स्वरांऐवजी आडव्या चालणाऱ्या दोन ओळी वापरा. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहरमध्ये साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना घेऊन जो वाद्यवृंद उभा केला, त्यात सतारीसारख्या वाद्यांबरोबर व्हायोलिन, चेलो आणि बंदुकीच्या नळ्यांपासून बनवलेले नलतरंगही होते. तरी त्या वृंदाचे बळ रागाची ओळ एकत्र वाजवण्यात आणि वाद्यगटांच्या आलटापालटीत होते. दिल्लीला आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ मध्ये स्थापन झाला, तेव्हा पंडित रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर यांच्यासमोरही हाच पेच होता. भारतीय वाद्यवृंद म्हणजे कॉर्डवर बसवलेला राग नव्हे, हे त्या काळच्या रचना ऐकताना स्पष्ट कळते.

याला जोडून स्वराच्या उंचीचाही एक मुद्दा आहे. तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार कीबोर्डवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने उतरा असतो. १०० सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर. हा फरक ऐकायला लहान वाटतो, पण बासरीवाला तंबोऱ्याचा गंधार लांब धरून असेल आणि त्याच वेळी कीबोर्ड सा-ग-प असा कॉर्ड धरून असेल, तर दोन गंधार एकमेकांना घासतात आणि सगळा वृंद बेसूर वाटू लागतो. दोष कोणाचाच नसतो. अशा जागी कीबोर्डला फक्त षड्ज आणि पंचम द्या, गंधार एकट्या बासरीकडे ठेवा. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले, त्यामागच्या कारणांत ही ठरीव पट्टी आणि मींडेचा (स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याचा) अभाव ही दोन होती. ती बंदी मला योग्य वाटत नाही, पण तिच्यामागचा कानाचा आक्षेप खरा होता आणि संयोजकाने तो रोज लक्षात ठेवायला हवा.

आता तिसरा निर्णय, रिकाम्या जागेचा. माझ्या दृष्टीने संयोजनाची खरी कला इथे आहे. गायक किंवा मुख्य वाद्य ओळ संपवून स्वर धरते, तेव्हा दोन-तीन मात्रा मोकळ्या होतात. सनईच्या ताफ्यात दुसरा सनईवाला सूर धरून असतो आणि त्या मोकळ्या मात्रांत संबळ उत्तर देतो. ब्रास बँडमध्ये युफोनियम खालून वर किंवा वरून खाली चालत जातो. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या संयोजकांनी व्हायोलिनांच्या काउंटरने, म्हणजे चालीला उत्तर देणाऱ्या दुसऱ्या ओळीने, ही जागा अशी सजवली की मूळ चाल आणि तो काउंटर वेगळे आठवताच येत नाहीत. रागसंगीतात ही जागा पुष्कळदा भरतच नाहीत, तंबोरा पुरेसा असतो. पार्श्वसंगीतात तर रिकामी जागा हाच मुख्य मजकूर असतो, कारण तिथे पात्र बोलत असते. तुमच्या सगळ्या रचनांत ही जागा कीबोर्डचा डावा हात एकाच पद्धतीने भरतो आहे, आणि त्या सारख्या वाटण्याचे सर्वांत मोठे कारण मला हेच दिसते.

हे सगळे तुमच्या सात वादकांवर लावून पाहू. भूपाच्या स्वरांतली सहा मात्रांची, दोन आवर्तनांची ही छोटी ओळ घ्या : ‘ग ऽ प, ग रे सा’ आणि ‘रे ऽ सा, ध ऽ सा’, यातला धैवत मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला.

पहिली धाटणी सनई-संबळाची. धून क्लॅरिनेटला द्या, कारण सनईसारखी स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची सोय तुमच्या वाद्यांत त्याच्याकडे चांगली आहे आणि बँडमधल्या वादकाला ती सवयीने येते. हार्मोनियम फक्त षड्ज धरील, कॉर्ड नाही. कीबोर्ड आणि बासरी गप्प. क्लॅरिनेटची दोन आवर्तने संपत आली की शेवटच्या सावर व्हायोलिनने तीच ओळ उचलायची, झोक्यावरची दुसरी बाजू उचलते तशी, आणि संबळाने दोन ओळींच्या मधल्या सांध्यावर उत्तर द्यायचे. इथे लय थोडी हलली तरी ती हलू द्या.

दुसरी धाटणी बँडची. सहाच्या जागी चारची चाल करा : ‘ग ऽ ग प, ग रे सा ऽ, रे ऽ रे सा, ध ऽ सा ऽ’. धून क्लॅरिनेट आणि हार्मोनियम एकत्र, ठसठशीत, प्रत्येक स्वर तोडून. दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी सा दोन मात्रा टिकतो. त्या दोन मात्रांत युफोनियम ‘सा ध’ असे खाली उतरेल आणि धून रिषभावर जाताच मंद्र पंचमावर पोहोचेल. प-रे हे अंतर भरभक्कम ऐकू येते, आणि निषाद न वापरताही पुढच्या तुकड्याला ढकलण्याचे काम ते करते. ऐकताना युफोनियमचे ते दोन स्वर कोणाच्या लक्षात येणार नाहीत, पण काढले तर सगळा बँड पोकळ वाटेल.

तिसरी धाटणी संथ, पाश्चात्त्य तंतुवाद्यवृंदाच्या वळणाची. लय निम्म्यावर आणा. धून व्हायोलिनला देण्याचा मोह होईल. तो टाळून ती क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात ठेवा, जिथे त्याचा आवाज गडद आणि मऊ असतो, आणि व्हायोलिनला वर एक लांब पंचम द्या. युफोनियम हळू आवाजात पाया धरील : आधी सा, ‘ग रे’च्या जागी मंद्र धैवत, दुसऱ्या आवर्तनाच्या आरंभी पंचम, मग पुन्हा धैवत आणि शेवटी सा. व्हायोलिनचा वरचा पंचम धैवताच्या पायाशी एक स्वराच्या अंतराने घासतो, त्याला घासू द्या. या संथपणात तो ताण हवाच असतो. याच जागी एक निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. पंचमाच्या पायावर शुद्ध निषाद घालून प-नि-रे केले, तर पाश्चात्त्य पद्धतीचा ‘घरी परतण्याचा’ ठाम ओढा मिळतो, पण त्या क्षणी भूप संपतो. दोन्ही चालतात. काय केले हे तुम्हाला माहीत असले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

चौथी धाटणी पार्श्वसंगीताची. इथे पूर्ण ओळ कोणीच वाजवायची नाही. बासरीने फक्त ‘ग प ग’ म्हणावे आणि दोन आवर्तने थांबावे. खाली कीबोर्डचा एक खोल षड्ज. काही वेळाने व्हायोलिनने ‘ध सा’ एवढेच उत्तर द्यावे. ताल नाही. ज्यांनी आधीच्या तीन धाटणी ऐकल्या आहेत, त्यांच्या मनात उरलेली ओळ आपोआप पुरी होते, आणि कार्यक्रमाचा क्रमही तुम्हाला त्यावरून ठरवता येईल.

यापुढचे काम कागदावरचे आहे आणि ते टाळून चालत नाही. सर्वांसाठी षड्ज कोणता ठेवायचा? क्लॅरिनेट हे बी-फ्लॅटचे, म्हणजे आपल्या बोलीत काळी पाचचे वाद्य आहे. वादक कागदावर ‘सी’ वाचून वाजवतो तेव्हा ऐकू काळी पाच येते. त्यामुळे त्याच्यासाठी प्रत्येक स्वर एक पूर्ण स्वराने चढा लिहावा लागतो. निव्वळ बँडसाठी रचना असेल तर षड्ज काळी पाच ठेवणे सर्वांत सोयीचे, कारण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट दोघांचाही षड्ज तेव्हा कागदावरचा ‘सी’ होतो. तुमच्या मिश्र वृंदासाठी मात्र मी पांढरी चार, म्हणजे ‘एफ’, सुचवेन. क्लॅरिनेटला फक्त एका शार्पचे स्केल मिळते. व्हायोलिन पाश्चात्त्य पद्धतीने जुळवलेले असेल तर त्याच्या मोकळ्या तारांवर रिषभ, धैवत आणि गंधार मिळतात. हार्मोनियमवर भूपाचे पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांत येतात. बासरीवाल्याकडे पांढरी चारची बासरी आहे का, हे मात्र आधी विचारा, कारण त्याला षड्ज बदलायचा म्हणजे बासरीच बदलायची. सगळी सहा भोके बंद केल्यावर त्याला मंद्र पंचम मिळतो, त्याखालचे काहीही त्याच्यासाठी लिहू नका. युफोनियमवाला कोणत्या पद्धतीने वाचतो तेही विचारावे लागेल. काही जण बास क्लेफमध्ये (खालच्या स्वरांसाठीच्या पाश्चात्त्य लेखनात) ऐकू येते तसेच वाचतात, काही ट्रेबल क्लेफमध्ये बी-फ्लॅट वाद्याप्रमाणे. शाळेतल्या मुलांना भातखंडे पद्धतीचे स्वरलेखन द्या आणि बँडच्या वादकांना त्यांना येते ते. एकाच रचनेच्या दोन लिप्यांतल्या प्रती करणे कंटाळवाणे आहे, पण वादकाला परक्या लिपीत अडखळायला लावण्यापेक्षा ते बरे.

फुंकून वाजवण्याच्या वाद्यांसाठी लिहिताना श्वास आणि ओठ यांचा हिशेब ठेवा. कीबोर्डवर बसवलेली धून कधीच दमत नाही, म्हणून कीबोर्डवर रचणारा माणूस सलग सोळा आवर्तने क्लॅरिनेटला देऊन टाकतो. ओळ स्वतः मोठ्याने गाऊन पाहा. जिथे तुम्हाला श्वास घ्यावा लागला तिथे कागदावर खूण करा. युफोनियमला वरच्या सप्तकात लांब वाजवायला लावले तर ओठ सैल पडतात आणि पुढची दहा मिनिटे तो उतराच वाजतो. क्लॅरिनेटवर खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या सांध्यावर, म्हणजे त्याच्या कागदावरच्या मधल्या ‘ए’ आणि ‘बी’च्या आसपास, बोटांची मोठी अदलाबदल करावी लागते. जलद फिरत तिथे टाकू नका.

आपल्या खानदेशात उन्हाचाही विचार करावा लागतो. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिच्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि नळीतल्या हवेवर वाजणारे प्रत्येक वाद्य चढते. २५ अंशांवर जुळवलेले वाद्य ४२ अंशांवर नेले, तर कागदावरच्या हिशेबाने ते जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढावे. वादकाचा श्वास नळीचे तापमान काहीसे स्थिर ठेवतो म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो, तरी तो कानाला चांगलाच जाणवतो. व्हायोलिनच्या तारा उलट उष्णतेने सैल होऊन उतरतात, आणि कीबोर्ड जागचा हलत नाही. एप्रिल-मेच्या लग्नसराईत भर दुपारी बँडचे क्लॅरिनेट कीबोर्डपेक्षा चढे लागते ते यामुळे. स्नेहसंमेलन हिवाळ्यात असेल तर संध्याकाळच्या गारव्यात नेमके उलटे होईल, क्लॅरिनेट आणि बासरी उतरतील. म्हणून वर्गात जुळवून भागत नाही. मंचावर वादक दहा मिनिटे वाजवून झाले की मग जुळवा, आणि कीबोर्डची पट्टी बारीक सरकवून फुंकवाद्यांकडे आणा.

लोकसंगीताबद्दल आणखी थोडे लिहिणे मला भाग आहे. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांतून माणसे येतात, मोठमोठे ढोल, बासऱ्या आणि घुंगरांचा नाद रात्रभर चालतो. संगणकावर ‘ट्रायबल’ नावाने मिळणाऱ्या लूपशी त्या वादनाचा काही संबंध नाही. तो नाद मुळात नाचणाऱ्यांच्या रिंगणासाठी आहे, मंचासमोर बसलेल्या श्रोत्यांसाठी नाही, त्यामुळे त्यात सुरुवात, मध्य आणि शेवट शोधणेही चुकीचे ठरते. तुम्हाला त्या वळणाचे काही रचायचे असेल तर आधी तिथे जा, दोन-तीन वर्षे नुसते ऐका, ध्वनिमुद्रण करायचे असेल तर वादकांची परवानगी घ्या, आणि त्यांचे काही वापरले तर त्यांचे नाव आणि त्यांचा मोबदला दोन्ही द्या. तोवर आपल्या रचनेला आदिवासी संगीत म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कानबाई या देवीची किंवा आखाजीची गाणी तुमच्या घरात आहेत, आई-मावशीच्या तोंडी आहेत. तिथून सुरुवात करणे अधिक प्रामाणिक होईल.

पाश्चात्त्य पद्धतीसाठी मी एकच मार्ग सांगेन, आणि तो संथ आहे. बाखची चार आवाजांतली कोरालं (चर्चमधली स्तोत्रगीते) मिळवा आणि एकेक हाताने उतरवून काढा. मग चारपैकी एकच आवाज हार्मोनियमवर वाजवत दुसरा गा. आतले दोन आवाज किती थोडे हलतात आणि तरी किती सुरेल असतात, हे बोटांना कळल्याशिवाय पुस्तकातले नियम कोरडे राहतात. त्यानंतर हायडनच्या चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांपैकी एखाद्या रचनेचे एक मिनिट निवडा आणि धून कोणाकडे आहे, कोण साथ करतो, कोण गप्प आहे, याची नोंद आवर्तनागणिक करा. गप्प असणाऱ्याची नोंद सर्वांत काळजीपूर्वक करा. आपल्याकडच्या संयोजनात सगळे सतत वाजवत असतात, आणि श्रोत्याला नवे काही ऐकू येण्यासाठी आधी काहीतरी थांबावे लागते, हे आपण विसरतो.

तालमीसाठी प्रत्येक आवर्तनाला क्रमांक घाला आणि तोच क्रमांक सर्व प्रतींवर, दोन्ही लिप्यांत, सारखाच येईल असे पाहा. पहिल्या तालमीत पूर्ण वृंद बसवू नका. आधी तालवादक आणि युफोनियम यांना एकत्र बसवा, कारण वजन आणि पाया त्या दोघांकडे आहे. ते दोघे एकमेकांकडे न पाहता सोळा आवर्तने बरोबर वाजवू लागले की क्लॅरिनेट घ्या, मग व्हायोलिन आणि बासरी, आणि कीबोर्ड सर्वांत शेवटी. कीबोर्ड आल्यावर रचना दाट झाली पण स्पष्ट झाली नाही, असे वाटले, तर त्याच्या प्रतीतल्या ओळी पेन्सिलीने खोडायला सुरुवात करा. मंचावर बासरीचा प्रत्येक स्वर मागच्या बाकापर्यंत ऐकू येईपर्यंत खोडत राहा.